जुन्या लेन्सची पिवळी झाक आणि तिचा उतारा

जुन्या लेन्समधून रंगीत फिल्मवर घेतलेल्या चित्रावर पुष्कळदा एक फिकट रंग सर्वत्र पसरलेला दिसतो. पांढरा सदरा पिवळट होतो, निरभ्र आकाश मळकट दिसते आणि चेहऱ्यावर नसलेली ऊब चढते. कॅमेऱ्याच्या व्यवसायात त्याला ‘कास्ट’ म्हणतात; साध्या मराठीत रंगाची झाक. झाक आणणारी कारणे अनेक असतात, पण लेन्समुळे आलेली झाक इतरांहून वेगळी आहे. ती स्थिर असते. आज दुपारी अंधेरीत घेतलेल्या शॉटमध्ये ती जेवढी असेल, तेवढीच उद्या सकाळी मुलुंडमध्ये घेतलेल्या शॉटमध्येही असते. लेन्सवर कायमचा फिल्टर बसवलेला असावा, तशी ती प्रत्येक फ्रेममधून तितकाच प्रकाश गाळते. म्हणून ती एकदा नीट मोजली, की चित्रणात, लॅबमध्ये किंवा स्कॅनमध्ये कुठेही ठरावीक आकड्याने काढता येते. या प्रकरणात झाकेची कारणे, तिचे मोजमाप आणि ती काढण्याच्या जागा क्रमाने पाहायच्या आहेत.

झाक कुठून येते

कोणतीही काच पूर्णपणे रंगहीन नसते. शिशाचे प्रमाण जास्त असलेली जड फ्लिंट काच निळा-जांभळा प्रकाश थोडा अडवते. एका लेन्समध्ये अशी पाच-सात भिंगे एकामागे एक असली, तर हा अडथळा वाढत जातो. त्यात भिंगांच्या पृष्ठभागावरील कोटिंगची भर पडते. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परत फिरतो. हे परावर्तन कमी करणारा पातळ थर जर्मनीच्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये विकसित केला. एकपदरी कोटिंग सर्व रंगांना सारखे वागवत नाही. ज्या लेन्सच्या काचेत निळसर-जांभळे प्रतिबिंब दिसते, तिच्यातून निळा प्रकाश थोडा कमी आत जातो आणि चित्र किंचित उबदार होते. काचेत पिवळसर प्रतिबिंब दिसत असेल, तर चित्र किंचित थंड होते. १९७१ पासून असाही कंपनीने आपल्या ताकुमार लेन्सना बहुपदरी कोटिंग द्यायला सुरुवात केली. अशा कोटिंगमुळे हा फरक पुष्कळ घटला.

तिसरे कारण भिंगे एकमेकांना चिकटवण्याच्या डिंकाचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यासाठी कॅनडा बाल्सम हा झाडाचा चीक वापरला जाई. वयाबरोबर तो पिवळा पडतो आणि कडांपासून सुटू लागतो. पुढे त्याची जागा कृत्रिम डिंकांनी घेतली.

चौथे कारण सर्वांत ठळक आणि सर्वांत चमत्कारिक आहे: काचेत मिसळलेले थोरियम.

काचेतले थोरियम

मोठ्या छिद्राची, म्हणजे कमी प्रकाशातही चालणारी लेन्स बनवायची, तर प्रकाश जास्त वाकवणारी पण रंग कमी फाकवणारी काच लागते. काचेत थोरियम ऑक्साइड मिसळले की हे दोन्ही गुण एकत्र मिळतात. म्हणून १९४०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंत अनेक कंपन्यांनी थोरियमयुक्त काच वापरली. दुसऱ्या महायुद्धात विमानातून छायाचित्रे घेण्यासाठी बनवलेली कोडॅकची एरो-एक्टार आणि स्थिर छायाचित्रणातली सात भिंगांची सुपर-ताकुमार ५० मिमी एफ/१.४ ही त्यातली प्रसिद्ध उदाहरणे. अमेरिकेच्या अणुनियमांत तयार लेन्सच्या काचेत वजनाने ३० टक्क्यांपर्यंत थोरियमला दीर्घकाळ सूट होती, यावरून हे प्रमाण किती मोठे असू शकत होते याची कल्पना येते.

थोरियम हा धातू मुंबईच्या उपनगरांना अनोळखी नाही. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतून निघणाऱ्या थोरियमवर प्रक्रिया करणारा प्रकल्प १९५५ मध्ये ट्रॉम्बेला सुरू झाला. तिथे तयार होणारे थोरियम नायट्रेट मुख्यतः गॅसबत्तीच्या मँटलसाठी जाई. लग्नाच्या वरातीत गॅसबत्तीचा जो पांढराशुभ्र उजेड पडे, तो याच धातूच्या ऑक्साइडमुळे. लेन्समध्ये मात्र हाच धातू काच पिवळी करतो.

थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे असल्याने त्याचे विघटन अतिशय मंद, पण अखंड चालू असते. या किरणांमुळे काचेतील काही इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि काचेच्या रचनेतील उणिवांमध्ये अडकून बसतात. अशा अडकलेल्या जागा निळा प्रकाश शोषतात. वर्षानुवर्षे त्यांची संख्या वाढते आणि काच आधी फिकट पिवळी, मग चहाच्या रंगाची होते. लेन्स कपाटात पडून असली तरी हे थांबत नाही. उलट अंधारात ठेवलेली लेन्स जास्त पिवळी झालेली आढळते, कारण प्रकाशामुळे होणारी दुरुस्ती तिला मिळालेली नसते.

अशी लेन्स वापरण्यात धोका अल्प आहे. काच फोडणे, घासणे किंवा तिची पूड करणे मात्र टाळायला हवे. लँथेनमची काच आणि थोरियमची काच यांत पुष्कळदा गल्लत होते. लँथेनममुळे काच अशी पिवळी पडत नाही. शंका असल्यास गायगर मापकाने लगेच निर्णय होतो.

काळ्या-पांढऱ्या काळात हा प्रश्न का नव्हता

मालाडला १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज उभी राहिली, तेव्हा तिथले जर्मन छायालेखक योसेफ विर्शिंग काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काम करत. त्या फिल्मवर लेन्सची पिवळी झाक दिसतच नसे. उलट ती फिकट पिवळ्या फिल्टरचे काम करी: आकाश किंचित गडद, ढग थोडे उठावदार. नुकसान झालेच तर थोड्या प्रकाशाचे. रंगीत निगेटिव्ह आली आणि चित्र बदलले. रंगीत फिल्मवर निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला संवेदनशील असे तीन थर एकावर एक असतात. लेन्सने निळा प्रकाश अडवला की निळ्या थराला कमी प्रकाश मिळतो आणि तिन्ही थरांतला समतोल मोडतो. काळ्या-पांढऱ्या काळात खपून गेलेल्या लेन्स रंगीत काळात नव्याने तपासाव्या लागल्या.

आधी दोष कुणाचा ते ठरवावे

प्रत्येक झाक लेन्सची नसते. उपाय करण्याआधी कारण वेगळे काढणे आवश्यक आहे. एकाच लेन्सच्या सर्व शॉटमध्ये, वेगवेगळ्या रोलवर, वेगवेगळ्या जागी तीच झाक दिसत असेल आणि दुसरी लेन्स लावताच ती जात असेल, तर दोष लेन्सचा. एकाच रोलपुरती झाक असेल, तर फिल्म किंवा तिची धुलाई तपासावी. एकाच जागी असेल, तर प्रकाश तपासावा. जुन्या ट्यूबलाइटखाली हिरवट झाक येते. सोडियमच्या दिव्यांखाली सगळे नारिंगी होते. सोडियमच्या प्रकाशात बरेच रंग मुळातच नसल्यामुळे तो कुठल्याच फिल्टरने पूर्ण सुधारत नाही.

मुदत संपलेल्या आणि मुंबईच्या उष्ण-दमट हवेत राहिलेल्या फिल्मची झाक ओळखण्याची खूण वेगळी आहे. ती सावल्यांत एक आणि उजळ भागांत दुसरी असते. लेन्सची झाक सर्वत्र एकाच दिशेची असते. जुनी प्रिंट लालसर-गुलाबी झाली असेल, तर प्रिंटमधला निळा-हिरवा रंगद्रव्याचा थर विरला असे समजावे. त्यात लेन्सचा संबंध नाही.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. कोटिंग नसलेल्या किंवा बुरशी चढलेल्या लेन्समध्ये बाहेरचा उजेड आत फाकतो आणि सगळ्या चित्रावर पसरतो. त्याला फ्लेअर म्हणतात. पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा गोरेगावच्या आरे परिसरात चित्रण करताना भोवतालच्या हिरवाईचा उजेड असा फाकला, की सावल्या हिरवट होतात. चाळींच्या छपरांवर टाकलेल्या निळ्या ताडपत्र्या फ्रेमच्या काठाशी असतील, तर सावल्या निळसर होतात. झाक प्रकाश गाळते, फ्लेअर प्रकाश मिसळते. गाळलेल्या प्रकाशाचा हिशेब फिल्टरने किंवा लॅबमध्ये भरून काढता येतो. मिसळलेला प्रकाश तसा वेगळा करता येत नाही. त्यावर उपाय एकच: लेन्सवर हूड किंवा मॅट बॉक्स लावून बाहेरचा उजेड अडवणे आणि काच स्वच्छ ठेवणे.

उपनगरांतल्या हवेत हे शेवटचे काम अवघड आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो, की चामड्याच्या पेटीत बंद ठेवलेल्या लेन्सवर बुरशीचे तंतू धरतात. बुरशी रंग फारसा बदलत नाही, पण चित्रातला ठसठशीतपणा घालवते आणि तिच्या आम्लाने कोटिंग कायमचे खराब होते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारे कोरडे कपाट, किंवा निदान हवाबंद डब्यात सिलिका जेल, हा त्यावरचा नेहमीचा बंदोबस्त. सिलिका जेल अधूनमधून तापवून कोरडे करावे लागते.

झाक मोजणे

सर्वांत सोपी चाचणी म्हणजे पांढऱ्या कागदावर, ढगाळ दिवशीच्या उजेडात, दोन लेन्स शेजारी धरून त्यांतून कागद पाहणे. डोळा तुलनेत फार पटाईत असतो, पण नेमका आकडा सांगण्यात कच्चा. आकड्यासाठी डिजिटल कॅमेऱ्याची मदत घेता येते. राखाडी कार्डाची दोन छायाचित्रे एकाच प्रकाशात घ्यावीत, एक जुन्या लेन्सने आणि एक नव्या, भरवशाच्या लेन्सने. व्हाइट बॅलन्स ठरावीक ठेवावा, ऑटोवर अजिबात नको. नाहीतर कॅमेरा झाक आपोआप लपवतो. मग रॉ फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांची मूल्ये तपासावीत.

व्यवसायात यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे: आयएसओ ६७२८. त्यात प्रत्येक लेन्सला तीन आकड्यांचा रंग-निर्देशांक देतात. क्रम निळा, हिरवा, लाल असा. प्रमाण लेन्सचा निर्देशांक ०/५/४ धरला आहे. प्रत्येक एकक म्हणजे लॉगरिदम मोजपट्टीवर ०.०१. एखाद्या पिवळ्या लेन्सचा निर्देशांक ०/१५/१४ आला, म्हणजे निळ्याच्या तुलनेत हिरवा आणि लाल दहा-दहाने वाढले, तर प्रमाण लेन्सच्या तुलनेत तिच्यातून निळा प्रकाश ०.१० इतका कमी जातो, म्हणजे जवळजवळ २० टक्के कमी. ०.३० म्हणजे एक पूर्ण स्टॉप (प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), म्हणून ०.१० म्हणजे स्टॉपचा एक तृतीयांश. पुढच्या सगळ्या हिशेबासाठी हीच लेन्स नमुना म्हणून घेऊ.

चित्रपटाच्या कामात यापुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष फिल्मवरची चाचणी. ज्या लेन्स वापरायच्या, त्या प्रत्येकीने राखाडी कार्ड आणि रंगांचा तक्ता एकाच रोलवर, एकाच प्रकाशात घ्यायचा. धुतलेल्या निगेटिव्हवर राखाडी भागाची घनता डेन्सिटोमीटरने मोजली, की लेन्सनिहाय फरक कागदावर येतो.

लेन्सच गोरी करणे

थोरियममुळे आलेला पिवळेपणा मुळातूनच घालवता येतो. अडकलेल्या इलेक्ट्रॉनना अतिनील किरणांमुळे सुटण्याइतकी ऊर्जा मिळते आणि काच पुन्हा स्वच्छ होते. सूर्यप्रकाश हा त्याचा सर्वांत स्वस्त मार्ग. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. जुलैमधला हा योग ढगांमागे वाया जातो. त्यामुळे लेन्स उन्हात ठेवण्याचा उपनगरांतला हंगाम पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत असतो. खिडकीची साधी काच काही अतिनील किरण अडवते, पण लेन्सला उपयोगी पडणारे जास्त तरंगलांबीचे किरण बरेचसे आत येऊ देते. म्हणून खिडकीतही काम होते, फक्त जास्त दिवस लागतात.

पद्धत अशी: थोरियमची काच ज्या टोकाला असेल, ते टोक सूर्याकडे करायचे. ताकुमारमध्ये ते बहुधा मागचे असते. छिद्र पूर्ण उघडे ठेवायचे. दुसऱ्या टोकाला अॅल्युमिनियमची फॉइल लावायची. फॉइलमुळे किरण परत फिरून काचेतून दुसऱ्यांदा जातात. शिवाय लेन्स सूर्यकिरण एका बिंदूत गोळा करते; फॉइल नसेल, तर तो बिंदू पडद्यावर किंवा लाकडावर पडून आग लागू शकते. लेन्सची नळीही फॉइलने झाकावी. भर दुपारी गच्चीवर ठेवलेली लेन्स इतकी तापते, की फोकस फिरवण्याच्या आट्यांतले ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर येते आणि बाल्सम मऊ होतो. म्हणून सकाळचे ऊन बरे. नाहीतर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी दिवा. त्यात उष्णता कमी आणि गती जास्त. त्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. मधूनमधून पांढऱ्या कागदावर तपासणी करून, आणखी फरक पडत नाही असे दिसले की थांबावे.

हा उपाय फक्त थोरियमच्या काचेसाठी आहे. पिवळ्या पडलेल्या बाल्समवर उन्हाचा उपयोग नाही. तिथे भिंगे सोडवून, जुना चीक काढून पुन्हा चिकटवणे हे कुशल कारागिराचे काम असते आणि केंद्र जरा चुकले तरी लेन्सची धार जाते. काचेची किंवा कोटिंगची जन्मजात झाक तर काढताच येत नाही. म्हणून पुढचे उपाय लागतात.

चित्रण करताना

लेन्स पिवळी असेल, तर तिच्यापुढे निळसर फिल्टर लावणे हा सरळ उपाय. रॅटन ८२ मालिकेचे फिल्टर त्यासाठीच आहेत. त्यांची ताकद मायरेड या एककात मोजतात. दहा लाखाला केल्विन तापमानाने भागले की मायरेड मिळतात. दिवसाच्या ५५०० केल्विन प्रकाशाचे मायरेड सुमारे १८२, स्टुडिओतल्या ३२०० केल्विन दिव्यांचे सुमारे ३१३. या एककाची सोय अशी, की फिल्टरचा परिणाम कोणत्याही प्रकाशात सारख्याच आकड्याने मोजता येतो. ८२ फिल्टर १० मायरेडनी थंड करतो, ८२ए २१नी, ८२बी ३२नी आणि ८२सी ४५नी. नमुना लेन्सची झाक सुमारे २५ मायरेड भरते, म्हणजे ८२ए जवळपास पुरतो.

८२ मालिका लाल प्रकाश जास्त आणि हिरवा थोडा कमी अडवते. थोरियममुळे तपकिरी झालेली काच हिरवा प्रकाशही काही प्रमाणात शोषते, म्हणून तिथे ही मालिका चांगली जुळते. झाक शुद्ध पिवळी असेल, तर ८२ए लावल्यावर किंचित हिरवट छटा उरते. अशा वेळी सीसी, म्हणजे रंगाची भरपाई करणारे फिल्टर जास्त अचूक ठरतात. त्यांचा आकडा थेट घनता सांगतो: सीसी १० ब्लू म्हणजे लाल आणि हिरव्यात ०.१० कपात. नमुना लेन्सला हाच फिल्टर नेमका बसतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. फिल्टर निळा प्रकाश वाढवत नाही. तो लाल आणि हिरवा कमी करतो. निळ्या थराला पुरेसा प्रकाश मिळतो तो त्यानंतर छिद्र एक तृतीयांश स्टॉपने उघडल्यामुळे. यातून व्यवहारी नियम निघतो. निगेटिव्ह फिल्मला जास्त प्रकाश दोन-तीन स्टॉपपर्यंत सहज सोसतो. त्यामुळे फिल्टर न लावता छिद्र तेवढेच उघडले, तरी निळ्या थराची भरपाई होते आणि उरलेली झाक पुढे लॅबमध्ये काढता येते. रिव्हर्सल, म्हणजे स्लाइड फिल्मवर मात्र कॅमेऱ्यातून निघालेले चित्र हेच अंतिम चित्र असते. तिथे फिल्टरला पर्याय नाही.

सर्वांत वाईट योग म्हणजे पिवळी लेन्स, पिवळट दिव्यांचा उजेड आणि दिवसाच्या प्रकाशासाठी बनवलेली फिल्म. निळ्या थराची तिन्हीकडून उपासमार होते. ३२०० केल्विनसाठी बनवलेल्या फिल्ममध्ये निळा थर मुद्दाम जास्त संवेदनशील ठेवलेला असतो, म्हणून घरातल्या रात्रीच्या प्रसंगांना तीच वापरावी.

प्रकाशमापनातही एक खाच आहे. सिनेमाच्या लेन्सवर लिहिलेला टी-स्टॉप, म्हणजे प्रत्यक्ष आत जाणाऱ्या प्रकाशावरून ठरवलेला छिद्राचा आकडा, ती नवी असताना मोजलेला असतो. काच पिवळी झाल्यावर प्रत्यक्ष प्रकाश त्याहून कमी आत जातो. हातातल्या मीटरने मोजणाऱ्याला हे कळत नाही. त्याने चाचणीत सापडलेला फरक स्वतः जोडावा लागतो.

लॅबमध्ये: ग्रेडिंग

राज्य सरकारची चित्रनगरी गोरेगावला १९७७ मध्ये उभी राहिली आणि १९७८ मध्ये मनमोहन शेट्टी व वसनजी ममानिया यांनी सुरू केलेल्या अॅडलॅब्सची प्रयोगशाळा पुढे याच परिसरात चालली. अंधेरी ते बोरिवली पट्ट्यातल्या निर्मात्यांचे रश प्रिंट आणि पहिली कॉपी पाहण्याचे एक महत्त्वाचे ठिकाण त्यामुळे हाकेच्या अंतरावर आले. लेन्सची झाक काढण्याचे खरे काम अशा लॅबमध्ये ग्रेडर, म्हणजे छपाईचे रंग ठरवणारा तंत्रज्ञ, करत असे.

रंगीत प्रिंटिंग मशीन, विशेषतः बेल अँड हॉवेल कंपनीचे मॉडेल सी, पांढऱ्या प्रकाशाचे खास आरशांनी लाल, हिरवा, निळा असे तीन भाग करते. प्रत्येक भागावर एक झडप असते. ती किती उघडायची हे ५० पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ठरते. एक पायरी, म्हणजे ‘पॉइंट’, लॉगरिदममध्ये ०.०२५ इतकी. मधला आकडा २५. नीट घेतलेली निगेटिव्ह तिन्ही रंगांत २५च्या आसपास छापली जावी अशी अपेक्षा असते. ग्रेडर रंग-विश्लेषक यंत्रावर निगेटिव्ह उलटी, म्हणजे पॉझिटिव्ह करून पाहतो, प्रत्येक शॉटचे तीन आकडे ठरवतो आणि ते आकडे पुढे मशीनला दिले जातात.

आता नमुना लेन्सचा हिशेब. निळ्या थराला ०.१० इतका प्रकाश कमी मिळाला. रंगीत निगेटिव्हची कॉन्ट्रास्ट सुमारे ०.६ असते, म्हणून निगेटिव्हवर घनतेतला फरक ०.०६ पडतो. त्याला ०.०२५ने भागले, की उत्तर येते २.४, म्हणजे दोन ते तीन पॉइंट. दिशा कोणती? निळ्या थराची घनता कमी असल्याने छापताना त्यातून निळा प्रकाश जास्त जातो आणि प्रिंटवर पिवळे रंगद्रव्य जास्त तयार होते. तेव्हा निळा लाइट दोन-तीन पॉइंटनी कमी करायचा: २५-२५-२५ ऐवजी लाल २५, हिरवा २५, निळा २३ किंवा २२. झाक गेली.

एवढ्या सोप्या वजाबाकीने काम होते, कारण लेन्सची झाक आणि प्रिंटिंग लाइट दोन्ही एकाच जातीची, प्रकाश गाळणारी क्रिया करतात. अडचण फक्त सावल्यांत येते. निळ्या थराला फारच कमी प्रकाश मिळाला असेल, तर सावल्यांचा भाग फिल्मच्या वक्राच्या पायथ्याशी जाऊन सपाट होतो. मग मधल्या छटा जुळवल्या, तरी सावल्या निळसर राहतात आणि त्यांत दाणे दिसतात. चित्रण करताना थोडा सढळ प्रकाश द्यावा असे जे सांगितले, ते याच कारणासाठी. कॅमेऱ्यात जे नोंदलेच गेले नाही, ते लॅबमध्ये निर्माण करता येत नाही.

स्कॅनमध्ये

निगेटिव्ह स्कॅन करून संगणकावर ग्रेडिंग करतानाही तत्त्व तेच राहते. कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीत दहा बिटच्या लॉग स्कॅनमध्ये प्रत्येक कोड ०.००२ घनतेइतका असतो. नमुना लेन्सचा ०.०६चा फरक म्हणजे ३० कोड. निळ्या चॅनेलमध्ये सर्वत्र ३०ची बेरीज केली, की लॅबमधल्या दुरुस्तीची जशीच्या तशी नक्कल होते. ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑफसेट’ हे नियंत्रण लॉग चित्रावर नेमके हेच करते. लेन्सची झाक आधी ऑफसेटने काढावी आणि मग सावल्या किंवा उजळ भाग वेगवेगळे हलवावेत. क्रम उलटा केला, की एका शॉटमध्ये जमवलेले रंग पुढच्या शॉटमध्ये विस्कटतात.

घरी स्थिर छायाचित्रे स्कॅन करणाऱ्यांनी स्कॅनरची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद ठेवावी. ती प्रत्येक फ्रेम वेगळी मानते. हिरव्यागार फ्रेमला ती गुलाबी करते, मावळतीच्या फ्रेमला निळी. लेन्सची झाक सर्व फ्रेममध्ये एकसारखी असल्याने एका राखाडी कार्डावरून काढलेली दुरुस्ती सगळ्या रोलला लावणे जास्त बरोबर असते.

जुळवणी हे खरे काम

थोडी पिवळी झाक प्रेक्षकाला सहसा खटकत नाही. डोळा काही क्षणांत तिला सरावतो. खटकते ती दोन लागोपाठच्या शॉटमधली तफावत. उबदार रंगासाठी नावाजलेल्या ब्रिटिश कुक स्पीड पॅनक्रो लेन्सने दूरचा शॉट घेतला आणि तुलनेने थंड झाइसने चेहरा, तर संवाद चालू असताना भिंतीचा रंग बदलतो. अंधेरीत कॅमेरे भाड्याने देणाऱ्यांकडे जुन्या लेन्सचे संच बऱ्याचदा वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेले असतात. ३५ मिमी एका काळातली, ७५ मिमी दुसऱ्या. म्हणून संच घेण्याआधी सर्व लेन्सची एकत्र चाचणी केली जाते आणि त्यांतल्या मधल्या रंगाची लेन्स आधार धरून बाकीच्या तिच्याशी जुळवल्या जातात. प्रत्येक लेन्स पूर्ण तटस्थ करण्यापेक्षा हे सोपे आहे आणि जुन्या लेन्सचा जो गुण हवा म्हणून ती निवडली, तोही राहतो.

दीर्घकाळ चाललेल्या चित्रपटात ही जुळवणी किती कठीण होत असेल, याचे मोठे उदाहरण ‘पाकीजा’. अंधेरी पूर्वेला कमालिस्तान स्टुडिओ उभारणाऱ्या कमाल अमरोही यांनी त्याचे काम १९५६ मध्ये काळ्या-पांढऱ्यात सुरू केले, मग रंगात, मग सिनेमास्कोपमध्ये. छायालेखक तेच, बॉम्बे टॉकीजचे योसेफ विर्शिंग. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम इतर छायालेखकांनी पुरे केले. चित्रपट फेब्रुवारी १९७२ मध्ये लागला. वेगवेगळ्या वर्षांतली फिल्म आणि वेगवेगळे छायालेखक एका प्रसंगात शेजारी येतात, तेव्हा त्यांना एकजीव करण्याचा भार शेवटी ग्रेडिंगवर पडतो.

जुळवणीचा निवाडा कशावर करायचा, हेही ठरलेले असावे. प्रिंट पाहायची, तर साधारण ५४०० केल्विनच्या झेनॉन दिव्याच्या प्रोजेक्शनवर. संगणकाच्या पडद्यावर पाहायचे, तर तो पडदा प्रमाणित केलेला आणि खोली अंधारी. पिवळ्या बल्बखाली ठरवलेली दुरुस्ती दिवसा निळी वाटते.

शेवटी नोंद. प्रत्येक लेन्सचा क्रमांक, रंग-निर्देशांक किंवा राखाडी कार्डावरचा फरक, लागणारा फिल्टर, प्रिंटिंग लाइटमधली किंवा स्कॅनमधली दुरुस्ती आणि चाचणीची तारीख एका तक्त्यात असावी. साध्या काचेच्या लेन्ससाठी हा तक्ता वर्षानुवर्षे चालतो. थोरियमच्या लेन्सची गोष्ट वेगळी. उन्हात गोरी केलेली काच अंधाऱ्या कपाटात हळूहळू पुन्हा पिवळी होत जाते. अशा लेन्सची मोजणी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर करावी आणि तक्त्यातला आकडा बदललेला आढळला, तर तिला परत ऊन दाखवावे.